सवतीचं नाणं

टक्क, असा बारीक आवाज झाला आणि त्रिवेणीचे डोळे उघडले.

अंबरपेठेतलं ते घर दुपारी अगदी गपगार पडायचं. खाली सासरे हिम्मतरावांचं रंगांचं आणि लोखंडी सामानाचं दुकान, त्याचं शटर अर्धं ओढलेलं. वर तीन खोल्या. त्यात वीज गेलेली, म्हणून कूलरची घरघरही नव्हती. राणी तिच्या दंडावर डोकं टाकून झोपली होती. पाच वर्षांची झाली तरी आईचं मंगळसूत्र मुठीत आल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. केसांच्या मुळाशी घाम, ओठाच्या कोपऱ्यात आंबावडीचा चुरा. उठायचं झालं की त्रिवेणीला तिची बोटं एकेक करून उकलावी लागत, आणि शेवटी करंगळी सोडवताना तिला दर वेळी उगीचच वाईट वाटे.

आवाज कपाटाचा नव्हता. कपाट करकरायचं. हा डबीच्या झाकणाचा आवाज होता. या घरात तिने तो एकदाच ऐकला होता, लग्नानंतर गौतमने तिला ते नाणं दाखवलं तेव्हा.

दारात चतुराबाई उभ्या होत्या, हातात ती निळी मखमली डबी.

"जागी आहेस ना? मग ऊठ. पोरीला नक्को उठवू," सासूबाई म्हणाल्या. "मलकपेठेला जायचंय, सोनाराकडं."

"मला अजून धड उभं राहवत नाही, आत्याबाई."

"त्याच्यासाठीच तर जायचंय."

पंधरवड्यापूर्वी त्रिवेणीचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं. पहिलं गेल्या दिवाळीच्या तोंडावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं कधी कधी, पुढच्या वेळी जपू. पण चतुराबाईंनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच निकाल लावून टाकला होता, "वैशाली नांदू देईना हिला."

वैशाली म्हणजे गौतमची पहिली बायको. पुण्याची, शिकलेली, हसरी. राणीला जन्म दिला आणि बाळंतपणाच्या तापात गेली. तिच्या डोहाळजेवणाला तिचा भाऊ श्रीकांत हे नाणं घेऊन आला होता. तो इथेच हैदराबादेत एका कंपनीत होता आणि कामासाठी पॅरिसला जाऊन आला होता. कुणा जुन्या थोर चित्रकाराला जाऊन पाचशे वर्षं झाली म्हणून तिकडच्या टाकसाळीने काढलेलं चोख सोन्याचं नाणं, त्याच्यावर मोनालिसा. 'होणाऱ्या आईला,' असं म्हणून त्याने ते बहिणीच्या ओटीत घातलं होतं.

वैशाली गेली, वर्ष सरायच्या आत त्रिवेणी आली. तिचा लग्नाचा शालूही अंगावरून उतरला नव्हता, तेवढ्यात चतुराबाईंनी रडून रडून लालबुंद झालेली राणी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घे. आजपासून ही तुझी. हिला दुसरी आई होती हे या घरातलं कुणी तोंडातून काढणार नाही." आणि खरंच, वैशालीचे सगळे फोटो गाठोडं बांधून माळ्यावर गेले. त्या एका शब्दावर त्रिवेणी या घरात उभी होती. नवरा तिच्या वाट्याला तसा फारसा आलाच नाही. तो भला, पण दुकानाबाहेरचं त्याला काही सुचत नसे. तिच्या वाट्याला आली होती राणी, आणि तिची सकाळपासून झोपेपर्यंत चाललेली 'आई, आई' अशी हाक. ती हाक कुणी हिसकावून घेऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. बाकी सगळं ती सोसायला तयार होती.

रिक्षात चतुराबाईंनी मनातलं सांगितलं. त्यांच्याकडची जुनी रीत होती. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली, की तिने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे सोन्याचा नाहीतर चांदीचा छोटा पत्रा, त्याच्यावर पहिलीची मूर्त. दुसरीने तिला रोज पुजायचं, तिला दाखवल्याशिवाय घास खायचा नाही, नवं लुगडं आधी तिच्या अंगावर घालायचं. मग ती रुसत नाही, दुसरीच्या पोटाला धक्का लावत नाही. लग्नातच ही गोष्ट निघाली होती. तेव्हा गौतमने उडवून लावलं होतं, "आपण सिटीत राहतो, माय. कायकू हे सगळं?"

"तेव्हा त्याचं ऐकलं, आता भोगायलोय," चतुराबाई म्हणाल्या. "टाक तिच्याच सोन्याचा लागतो. तिचं बाकीचं सोनं तर तुझ्या पाटल्या करताना मोडलं. हे तेवढं उरलं."

त्रिवेणीने हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. लग्नापासून त्या तिच्या हातात होत्या. कशाच्या केल्या हे तिला आजच कळत होतं.

सुरेश सोनाराच्या वाडवडलांनी हैदराबादेतल्या मराठी घरांसाठी देवांचे टाक घडवले होते. तो दुकानात नुकता चहा पिऊन बसला होता. गौतम स्कूटरवरून आधीच येऊन थांबलेला. सुरेशने डबीतल्या प्लास्टिकच्या गोल कवचातून नाणं काढलं, दिव्याखाली धरलं आणि विचारलं, "ही बाई कोण म्हणायची?"

"मोनालिसा," गौतम म्हणाला.

"मोना? सिंधी आहे का?" चतुराबाईंनी विचारलं. डबी इतकी वर्षं त्यांच्याच कपाटात होती, पण नाणं असं निरखून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"चित्र आहे ते, माय. सगळ्या जगात फेमस."

"डोक्यावर पदर तर आहे." चतुराबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "हात कसे एकावर एक ठेवलेत. घरंदाज दिसायली. भुवया तेवढ्या नाहीत मेलीला."

"त्याचं काय, आपण हे वितळवू," सुरेश म्हणाला. "नवा पत्रा ठोकतो, बसलेली सवाष्ण काढून देतो. आठ दिवसांत."

"वितळवायचं नाही!"

गौतम एकदम ओरडला तसं त्रिवेणीच्या मनात काहीतरी हललं. बोलला. उशिरा का होईना, तिच्या बाजूने तोंड उघडलं. ती बाकड्याची कड धरून ताठ बसली.

"लिमिटेड एडिशन आहे ते," गौतम म्हणाला. "वितळवलं तर नुसतं सोनं राहील. भोक पाडायचं नाही, डाग द्यायचा नाही. साधा चरा गेला तरी त्याची मजा गेली." बोलताना त्याची नजर नाण्यावर होती. बायको शेजारीच बसली होती, चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"हौ, तसंही करता येतं," सुरेश म्हणाला. "नाण्याला हात लावत नाही. भोवती कड करतो, चार बारीक आकडे वळवून आत अडकवतो. फक्त आकड्यांची टोकं मागून जरा टोचतील अंगाला."

"टोचू दे," चतुराबाई म्हणाल्या. "टोचलं म्हणजे आठवण राहील."

"आणि मूर्त?"

"मूर्त कशाला, ही तयारच आहे की बाई. कपाळाला कुंकू लावलं म्हणजे झाली वैशाली."

सुरेश हसला. गौतमही थोडं हसला. नाणं वाचलं होतं.

तेव्हा त्रिवेणीने आवाज गोळा केला. "मी घालीन, आत्याबाई. म्हणाल तशी पूजा करीन. पण राणीला यातलं काही कळता कामा नये."

"कोण सांगायलंय तिला?" चतुराबाईंनी आपल्या गळ्याला हात लावला. "माझी शप्पथ. झालं?"

असं ते नाणं त्रिवेणीच्या गळ्यात आलं. एकदा घातलं की उतरवायचं नाही, न्हातानाही नाही. वैशाली सवाष्ण मेली, म्हणून तिला रोज हळदकुंकू. त्रिवेणी सकाळी आरशासमोर उभी राहून आधी त्या परदेशी बाईच्या कपाळाला कुंकू लावी आणि मग स्वतःच्या. मोनालिसाचं कपाळ भलतंच मोठं. बोट जरा घसरलं की कुंकू नाकापर्यंत ओघळायचं आणि ती बाई तरी तशीच बघत राहायची. जेवताना पहिला घास नाण्याला टेकवायचा. वरणभाताची शितं कडेत अडकायची, दुपारी काडीने टोकरून काढावी लागत. मागच्या आकड्यांनी छातीवर चार लाल ठिपके उठले. मग त्यांच्या खपल्या झाल्या. एकदा तिने नाण्यामागे कापूस घातला, तर चतुराबाईंनी तो चिमटीत धरून बाहेर ओढला. "तिच्या अन् तुझ्या मधे काही ठेवू नक्को."

राणीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आई, ही कोण गं?"

"देवी आहे."

"कुठली?"

"लांबची."

राणीला तेवढं पुरलं. मग ती 'लांबची देवी' घरातलीच झाली. शाळेतून आली की राणी तिला वर्गातल्या गमती सांगायची, अर्धं बिस्कीट तिच्या तोंडाला लावून उरलेलं स्वतः खायची. आणि एका दुपारी झोपताना तिने मंगळसूत्र सोडून ते नाणं मुठीत धरलं.

"मंगळसूत्र धर ना, बाळा," त्रिवेणी म्हणाली.

"नक्को. ही गार गार आहे." आणि नाण्यावर गाल टेकवून ती झोपी गेली. तिच्या गालाच्या भाराने आकडे त्रिवेणीच्या कातड्यात रुतले. तरी ती हलली नाही. पोरीचा श्वास गळ्याशी लागत होता, गरम, दुधाळ, आणि तो हवाच होता. ती छताकडे बघत पडून राहिली.

श्रावणात तिची पाळी चुकली. भाद्रपद आला, गणपती बसले आणि उठले, तरी सगळं ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचे ठोके ऐकवले. चतुराबाईंनी ते श्रेय डॉक्टरीणबाईंना दिलं नाही. त्यांनी घरी येऊन नाण्याची दृष्ट काढली. त्रिवेणीची काढायची राहून गेली.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून, साडी देऊन तिचा मान करायचा. सकाळी त्रिवेणी पुरण वाटत होती. चतुराबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. आवाज मऊ होता, आणि त्यांचा आवाज मऊ झाला की त्रिवेणीला धडकी भरे.

"मी काय म्हणायले, आज राणीला सांगावं लागंल."

त्रिवेणीचा हात थांबला. "तुम्ही शपथ घेतली होती."

"घेतली होती. माझ्या गळ्याची घेतली होती, माझं काय व्हायचं ते होऊ दे." चतुराबाईंनी पुरणाची चव पाहिली. "वेलची कमी आहे. हे बघ पोरी, तिच्या पोटची लेक तिच्या पाया पडत नाही, बिस्कीट चारते अन् देवी म्हणते. कुठल्या आईला सोसेल? नाण्यानं तिला जरा थोपवलंय. पण किती दिवस? मागची दोन याच महिन्यात गेली तुझी. तिसऱ्या महिन्यात. हे राहायला हवंय ना तुला?"

त्रिवेणीने पुरणाचा हात धुतला.

"नसेल हवं तर सांग. मी नाही बोलायची राणीला. तुझ्या जबाबदारीवर."

ओट्यावर कुकरची शिट्टी झाली. त्रिवेणी अडाणी नव्हती. बारावी झालेली, मोबाईलवर सगळं वाचणारी. पोट का पडतं ते तिने वाचलं होतं. पण पहिल्या वेळचा तो न्हाणीघरातला रक्ताचा पाट तिने डोळ्यांनी पाहिला होता, आणि दुसऱ्या वेळचाही. तिने ओल्या हाताने पोट धरलं. मग हात काढला आणि पुन्हा पुरण वाटायला घेतलं. चतुराबाईंना उत्तर मिळालं होतं. त्या उठल्या आणि वेलची काढून देऊन गेल्या.

दुपारी श्रीकांत आला. शेजारच्या सुजाताबाई सवाष्ण म्हणून आल्या. नाणं उतरवायचं नाही, मग पूजा कशी करायची, हा प्रश्न चतुराबाईंनी सोपा करून टाकला. त्यांनी देवघरापुढे पाट मांडला आणि त्रिवेणीला त्याच्यावर बसवलं.

"हलू नक्को, बोलू नक्को. पदर बाजूला घे, नाणं दिसू दे."

त्रिवेणी खुंटीसारखी बसली. एकेकजण पुढे येऊन वाके, तिच्या छातीवरल्या नाण्याला हळदकुंकू लावी, फूल वाही. कुणाची नजर तिच्या गळ्याच्या वर चढत नव्हती. हिम्मतरावांनी हात जोडले आणि खाकरून बाजूला झाले. गौतम वाकला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. पहिल्या बायकोची आठवण त्याला खरीच आली होती. त्याने नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, चरा गेलाय का ते बघितल्यासारखा, आणि उठला. हिरवी जरीची साडी चतुराबाईंनी त्रिवेणीच्या खांद्यावर घातली, नाण्याला टेकवली आणि काढून सुजाताबाईंच्या ओटीत दिली. सुजाताबाई चुळबुळल्या. "अहो, तिला पण एखादं..." त्या म्हणाल्या.

"तिला कशाला? तिचं काय श्राद्ध आहे?" चतुराबाई म्हणाल्या, आणि हसण्यावारी गेलं.

श्रीकांतने मोबाईल काढला. "पुण्याला आईला पाठवतो. तिला बरं वाटेल, वैशूचा अजून मान ठेवता म्हणून." तो एका गुडघ्यावर बसला. "वहिनी, जरा हनुवटी वर. अजून थोडी. हां, आता फक्त नाणं येतंय."

राणी आतापर्यंत कोपऱ्यात परकर सावरत उभी होती. सगळे आपल्या आईपुढे वाकताहेत हे बघून तिचा आनंद पोटात मावेना. ती धावत आली. "आई देवी झाली! माझी आई देवी झाली!" आणि तिने आपलं कपाळ त्रिवेणीच्या पायावर टेकवलं. कोवळं, घामेजलेलं कपाळ. त्रिवेणीचे हात आपोआप उचलले गेले.

"हलू नक्को म्हटलं ना." चतुराबाईंनी राणीचं बखोट धरून तिला उभं केलं. "तिच्या नव्हे गं. हिच्या पाया पड."

"ही लांबची देवी आहे, आज्जी."

"लांबची कशाला असंल? ही तुझी आई. खरी. वैशाली नाव तिचं. तुला जन्म दिला अन् गेली बिचारी. त्रिवेणीला नंतर आणली, तुला सांभाळायला." चतुराबाईंनी तिचे हात धरून जोडले. "म्हण, आई, त्रिवेणीच्या पोटात माझा भाऊ आहे. त्याला सुखरूप येऊ दे."

राणीने वर पाहिलं, त्रिवेणीच्या तोंडाकडे. आज्जी चेष्टा करते तेव्हा ती असंच पाहायची. मग आई डोळा मिचकावायची आणि दोघी हसायच्या. ती वाट बघत राहिली. तोंडातून एक शब्द, मानेची एक खूण, एवढं पुरलं असतं. त्रिवेणीच्या पोटात खाली कुठंतरी कळ आल्यासारखं झालं, आली की वाटलं कोण जाणे, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"म्हण," चतुराबाई म्हणाल्या.

"आई," राणी नाण्याला म्हणाली, "माझ्या भावाला सुखरूप येऊ दे."

"गुणाची माझी बाय."

"कधीतरी कळायचंच होतं," गौतम श्रीकांतला हळूच म्हणाला.

"जेवण गार व्हायलंय," हिम्मतराव म्हणाले.

पंगत उठली. सुजाताबाईंची पाठवणी झाली, श्रीकांत डबा घेऊन गेला, गौतम आणि हिम्मतराव खाली दुकानात उतरले, चतुराबाई आडव्या झाल्या. त्रिवेणी स्वयंपाकघरात एकटीच ताट घेऊन बसली. मोडलेली पुरणपोळी, वाटीभर कटाची आमटी. पहिला घास तिने नाण्याला टेकवला. दुसरा तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

राणी दारात येऊन उभी होती. केव्हापासून कोण जाणे. परकराचा काठ तोंडात धरून चावत होती. नेहमी ती लांबूनच हाक मारत यायची. आज गप्प होती, आणि त्रिवेणी त्या गप्प तोंडाकडे बघत राहिली. आता ही काय म्हणेल? त्रिवेणी म्हणेल? काकी म्हणेल? की काहीच म्हणायचं नाही असं ठरवून टाकेल, मुलं ठरवतात तसं?

राणी पुढे आली. जवळ आल्यावर तिने नाण्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. मग ती ताटाला वळसा घालून आली, त्रिवेणीच्या मांडीला टेकून खाली बसली आणि आपला छोटा, चिकट पंजा तिच्या पोटावर ठेवला.

"आई."

त्रिवेणीने तिला एकदम कवेत घेतलं. तिच्या केसांत तोंड खुपसलं. गूळ, घाम आणि झेंडू, सगळ्याचा मिळून एक वास येत होता. हाक शाबूत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते राणीच्या भांगात पडत राहिलं.

राणीने मिठीतून मान बाहेर काढली. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. कपाळाला आठ्या घालून, हिशेब जुळवताना घालते तशा, ती म्हणाली,

"मी आले आणि मग ती आई नाणं झाली ना? मग आता हे बाळ आलं की तू पण नाणं होणार?"